पाऊण इंच

एक साडेपंचवीस, एक पावणेपंचवीस.
ऑब्रीने दोन्ही गिटारी काउंटरवर आडव्या ठेवल्या
नि चहा सांगायला ताबूत स्ट्रीटवर उतरला.
मी पर्समधून टेप काढली. सवय.
वरच्या पांढऱ्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तार मोजली.
बरोबर होतं. पंचविसाच्या हिशेबाने
एक अर्ध्याने उधळी, दुसरी पावाने चिक्कू.
मधे पाऊण इंच,
माझ्या करंगळीचं शेवटचं पेर, नखासकट.

लांबडी आधी घेतली.
तारा ताठ,
सातच्या शिफ्टला हजेरीच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या.
पहिल्या पडद्यावर तर्जनी, पाचव्यावर करंगळी:
पोचते, पण मनगट कुरकुरतं.
आखुडीवर तेच बोट लोळत पोचतं,
तार वाकवली की वाकते,
आवाज जाड, सायीसारखा.
"मॅडम, छोटा हात, छोटी स्केल. सिंपल आहे."

हाताचं मला सांगू नकोस, असं मी म्हटलं नाही.
भोसरीला सव्वीस वर्षं
रिलेच्या कॉइली भरल्या या हाताने.
केसाहून बारीक तांब्याची तार,
तुटली की ओठांत धरून टोक शोधायचं.
वेढे मोजणारा काटा बंद पडला
तर मालन जगदाळे आणि मी कानाने मोजायचो,
बॉबिन भरत आली की आवाज खाली बसतो.

त्याला विचारलं, या पिकअपमधे वेढे किती?
तो हसला. "साउंड ऐका ना."

ऐकला.
लांबडीला एकच कॉइल.
हात तारांवरून उचलला तरी मागे घुमत राहतं,
हं,
लाइटीचं, पन्नास सायकलचं, आमच्या शेडचं.
पत्र्याखाली चाळीस मशिनी आणि तेच हं,
भाकऱ्या थापतानाही कानात,
संपाच्या दिवसांत ते नाही म्हणून झोप लागेना.

आखुडीत दोन कॉइली, शेजारी शेजारी,
एक उलट गुंडाळलेली, तिचं चुंबकही उलटं.
बाहेरून आलेली कटकट दोघी अशी घेतात
की एकीची दुसरीत जिरते,
तारेचं तेवढं उरतं.
हुशारी आहे.
माझ्या आणि ह्यांच्यात नेमकं याच्या उलट व्हायचं.

शहाणपण सगळं आखुडीच्या बाजूला होतं,
मनगटही.
चहा आला. एका हातात पेला, लांबडी गळ्यात,
मी उगीच वळले,
ट्यूबलाइटकडे खांदा, दाराकडे तोंड,
आणि हं गेलं.
जरा फिरले, आलं.
परत फिरले, गेलं.
"सिंगल कॉइलला दिशा असते," ऑब्री म्हणाला,
"सगळ्यांना माहीत आहे."
मला नव्हतं माहीत.
सव्वीस वर्षं मला एकाच बाजूला तोंड करून बसवलेलं.

साडेपंचवीस घेतली.
फंडाच्या पैशातून, घासाघीस करून,
बॅगेचे त्याने सोडले.
मनपाहून आकुर्डीची बस. बॅगेची मान दांड्यात अडकली,
कंडक्टर म्हणाला, मावशी, नातवाची का?
मी एकच तिकीट मागितलं.

घरी फ्रीजकडे वळलं की बोंबलते,
देव्हाऱ्याकडे निम्मी,
जिन्याचं दार उघडून तिकडे तोंड केलं की गप्प.
तर सध्या जिन्यापाशी.
करंगळी अजून मागेच आहे.
वरचे टेंबे चढताना दोन पायऱ्या थांबतात,
तेवढ्यात मी चुकते,
ते चपलेत खडा गेल्यासारखं करतात
आणि वर जातात.